शेवाळाची रसद कापा : घरच्या प्रवाळ-टाकीचा दिवा आणि शेवाळ-गाळणी

आजचा भाग जरा लांबणार आहे, कारण आज दोन वस्तू आपण स्वतःच्या हाताने बनवणार आहोत.

मी बोलतोय रायपूरच्या समता कॉलोनीतून. इथून रस्त्याने समुद्र गाठायचा तर पाचशे किलोमीटरच्या पलीकडे जावं लागतं. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. बोअरचं पाणी चुनखडीच्या थरांतून येतं, त्यामुळे जड. अशा गावात चार फुटांच्या काचेच्या टाकीत खारं पाणी, मासे आणि प्रवाळ जिवंत ठेवायचे, तर समुद्र जी कामं फुकटात करतो ती सगळी आपल्याला करावी लागतात.

मला सर्वात जास्त विचारले जाणारे प्रश्न दोन. पहिला, “कर्नलसाहेब, दिवा कोणता घ्यावा?” दुसरा, “शेवाळ कसं घालवावं?” लोक हे दोन वेगळे प्रश्न समजतात. मुळात प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तरही एकच आहे: शेवाळ नको असेल, तर शेवाळ वाढवा. फक्त ते कुठे वाढेल हे तुम्ही ठरवा.

प्रवाळ आणि शेवाळ एकाच ताटात जेवतात

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नाही. पण त्याच्या अंगात, पेशींच्या आत, सूक्ष्म शैवाल राहतं. त्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल उजेडात साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला, म्हणजे प्रवाळाला देतं. बदल्यात त्याला राहायला जागा आणि प्रवाळाच्या मलमूत्रातला नायट्रोजन-फॉस्फरस मिळतो. म्हणून प्रवाळ ठेवायचे तर जोरदार उजेड लागतो.

आता तोच उजेड टाकीतल्या दगडांवर आणि काचेवरही पडतो. माशांना आपण खायला घालतो. त्या खाण्यातून अमोनिया होतो, त्याचं जीवाणू नायट्रेट करतात. फॉस्फेटही साठतं. उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट एकत्र आले की केसाळ हिरवं शेवाळ येणारच. ते प्रवाळापेक्षा कितीतरी वेगाने वाढतं, त्याच्यावर सावली धरतं, त्याची जागा बळकावतं. उजेड कमी केला तर प्रवाळ उपाशी, जास्त केला तर शेवाळ माजतं. बहुतेक लोक इथेच कंटाळून टाकी विकतात.

समुद्रात हे काम कोण करतं?

प्रवाळबेटांवर शेवाळ उगवत नाही असं मुळीच नाही. तिथेही ते झपाट्याने उगवतं, पण उगवलं की लगेच खाल्लं जातं. सर्जन मासे, पॅरट मासे, समुद्री साळी म्हणजे काटेरी अर्चिन, गोगलगायी यांची सतत चराई चालू असते.

ही चराई थांबली तर काय होतं, ते जगाने कॅरेबियन समुद्रात पाहिलं. १९८३ साली तिथल्या लांब काट्यांच्या काळ्या अर्चिनवर रोगाची साथ आली आणि थोड्याच काळात बहुतेक सगळे मेले. जमैकात मासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच संपत आले होते, आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळही मोडले होते. मग शेवाळाला रोखणारं कोणी उरलं नाही. ज्या तळावर निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळाचा होता, तिथे दहा-पंधरा वर्षांत पाच टक्केसुद्धा उरला नाही. बाकी सगळं शेवाळाचं रान.

आपली टाकी म्हणजे अशी जमैकाच. चरणारे कमी, खत भरपूर. तेव्हा चराई आपणच करायची. शेवाळ-गाळणी म्हणजे दुसरं काही नाही: एका खरखरीत जाळीवर शेवाळाला मुद्दाम उत्तम शेत द्यायचं, त्याने पाण्यातलं खत ओढून घ्यायचं, आणि आठवड्याला आपण ते पीक कापून टाकीबाहेर टाकायचं. मुख्य टाकीतल्या शेवाळाशी लढत बसायचं नाही, त्याची रसद कापायची. मावळ्यांनी हीच युक्ती वापरून मोठमोठ्या फौजा जेरीला आणल्या.

ही कल्पना वॉल्टर एडी या अमेरिकन शास्त्रज्ञाची. ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत समुद्री शैवालांचा अभ्यास करत. १९८० च्या सुमाराला त्यांनी तिथल्या संग्रहालयात जिवंत प्रवाळबेट उभं केलं आणि त्याचं पाणी शेवाळाच्या जाळ्यांवर स्वच्छ ठेवलं. १९८२ मध्ये त्यांना या गाळणीचं पेटंट मिळालं. त्यांच्या यंत्रात पाण्याची बादली भरली की कलंडायची आणि जाळीवर लाट यायची. पुढे हौशी लोकांनी बादली काढून उभ्या जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा सोडला. आपण तीच सोपी पद्धत करणार आहोत.

आधी कायदा, मग करवत

कोणतीही वस्तू बनवायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत दगडी सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आहेत. समुद्रातून ते काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. “जिवंत दगड” म्हणून जे विकलं जातं, तोही पुष्कळदा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो.

आपल्या महाराष्ट्रातसुद्धा प्रवाळ आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहेत. त्या भागाला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित केलं. कोकण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथेही प्रवाळांची वस्ती आहे. तिथला एक तुकडा माझ्या दिवाणखान्यात आणून तिथलं रान उजाड करायचं, याला छंद म्हणत नाहीत.

माझ्या टाकीत दगड सगळे भाजलेल्या मातीचे, कारखान्यात बनलेले आहेत. प्रवाळ मऊ जातीचे: मशरूम, लेदर आणि झोअँथिड. तेही दुसऱ्या हौशी माणसांच्या टाकीत वाढलेल्या कलमांपासून आलेले. मासे म्हणजे क्लाउनफिशची जोडी आणि आणखी तीन लहान मासे. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशात होते, सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेने ते तंत्र विकसित केलं आहे. घेताना हॅचरीतलेच मागा. काही विदेशी जातींची नोंदणीही आता कायद्याने करावी लागते, म्हणून विकणाऱ्याकडून कागद घ्या आणि जपून ठेवा.

झोअँथिडबद्दल एक ताकीद. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जालीम विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नका, आणि ते ज्या दगडावर आहेत तो दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका. वाफेतून विषबाधा झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

दिवा : निळा प्रवाळाला

समुद्राच्या पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. खोलवर पोचतो तो निळा. प्रवाळातलं शैवाल या निळ्या उजेडावर जगायला सरावलेलं आहे. म्हणून टाकीच्या दिव्यात मुख्य भाग निळ्याचा ठेवायचा, ४४५ ते ४५५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. बाजारात त्याला रॉयल ब्लू म्हणतात. डोळ्यांना बरं दिसावं म्हणून त्यात थंड पांढरा मिसळायचा. लाल चिप्स या दिव्यात नकोत. निळ्या उजेडातही शेवाळ वाढतं, पण लाल नसला की त्याची थोडी गैरसोय होते. लाल रंग आपण गाळणीसाठी राखून ठेवणार आहोत.

माझी टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड-वाळू वगळून खालच्या सम्पसह सुमारे २०० लिटर पाणी. तिच्या दिव्याचा हिशेब असा.

तीन वॅटच्या ३६ चिप्स, प्रत्येक चिप ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेली. २४ निळ्या, १२ पांढऱ्या. तीन फूट लांब ॲल्युमिनियमच्या पंखेदार हीटसिंकवर तीन रांगा, प्रत्येक रांगेत १२, दोन चिप्समध्ये तीन इंच अंतर.

या चिपला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. १२ चिप्स एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या की ३८.४ व्होल्ट होतात. त्यातून ७०० मिलिॲम्पिअर करंट सोडला की एका रांगेला २७ वॅट. तीन रांगांचे मिळून ८१ वॅट.

प्रत्येक रांगेला वेगळा ड्रायव्हर, आणि तो स्थिर करंट देणाराच हवा, ज्याच्या व्होल्टेजच्या पट्ट्यात ३८ व्होल्ट आरामात बसतात. साधा मोबाइलचा चार्जर किंवा पट्टीच्या दिव्याचा ॲडॉप्टर चालत नाही. कारण चिप तापली की तिचं व्होल्टेज उतरतं, आणि स्थिर व्होल्टेज देणाऱ्या पुरवठ्यावर ती जास्त करंट ओढते, आणखी तापते, आणि जळते. चिप्स पॅरललमध्ये लावल्या तरी एक जास्त खाते, बाकीच्या उपाशी. सिरीजमध्ये सगळ्यांना करंट सारखाच मिळतो. तीन वेगळे ड्रायव्हर ठेवल्याने निळा आणि पांढरा वेगवेगळ्या वेळी चालूबंदही करता येतो.

जोडणी करताना चार गोष्टी:

१. चकतीखाली थर्मल पेस्टचा पातळ थर, आणि दोन स्क्रू. पेस्ट लोण्यासारखी थापायची नाही, फटी भरतील इतपतच.

२. झाळून झालं की मल्टिमीटरने प्रत्येक जोड आणि हीटसिंक यांच्यात वीज जाते का ते तपासा. जात असेल तर कुठेतरी झाळण चकतीच्या कडेला टेकलंय.

३. चालू करून तासाभराने हीटसिंकवर हात ठेवा. हात ठेवून धरता आला पाहिजे. पटकन काढावा लागला तर छोटा पंखा लावा. या ८१ वॅटपैकी मोठा वाटा उष्णताच होतो.

४. खाली ॲक्रिलिकची पट्टी. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे झाळणाला महिन्याभरात खातात. आणि टाकीजवळ पितळ किंवा तांबं कुठेही पाण्याला लागू देऊ नका. पाण्यात उतरलेलं तांबं प्रवाळ आणि कोळंबीला मारतं.

टाकीच्या सगळ्या वायरींना ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. प्रत्येक वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्यायची, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली टपकतो. खारं पाणी आणि घरगुती वीज यांच्यात ही दोनच दारं आहेत.

दिवा पाण्यापासून ८ ते १० इंच वर. आता “किती उजेड पुरे?” याचं उत्तर. उजेडाचं माप ‘पार’ या आकड्यात करतात. वनस्पतीला वापरता येणारे प्रकाशकण सेकंदाला किती पडतात, हे तो सांगतो. भर दुपारच्या उन्हात तो २००० च्या आसपास असतो. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो. मोबाइलचं लक्स-ॲप इथे कामाचं नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा हिरवट पिवळ्याला तीक्ष्ण आणि निळ्याला मंद. कोणाकडे पार-मीटर असेल तर एक दिवस मागून आणा. नसेल तर प्रवाळाकडे बघा. तपकिरी होत चाललं, मान उंचावून ताणलं, तर उजेड कमी. फिकट पडलं, आक्रसलं, तर जास्त. नव्या दिव्याखाली पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच तासच, मग दर आठवड्याला एक तास वाढवत आठ-नऊ तासांवर थांबा.

गाळणी : लाल शेवाळाला

आता मुख्य काम. लागणारं सामान: भरतकामाची प्लास्टिकची चौकटी जाळी (आमच्याकडे गोलबाजारात शिवणकामाच्या दुकानात मिळते), पाऊण इंची पीव्हीसी पाइप, एक टोपण, छोटा पंप, गडद लाल चिप्स आठ, आणि एक ड्रायव्हर.

किती मोठी जाळी? इथे बहुतेक लोक टाकीचे लिटर मोजतात. तसं करायचं नाही. शेवाळ पाणी खात नाही, तुम्ही घातलेल्या खाण्यातून सुटलेलं खत खातं. म्हणून जाळी खाण्यावरून ठरवायची. हौशी लोकांच्या अनुभवातून आलेला ठोकताळा असा: रोज गोठवलेल्या खाण्याचा एक क्यूब घालत असाल, तर दोन्ही बाजूंनी उजेड मिळणारी १२ चौरस इंच जाळी. माझे पाच मासे दिवसाला एक क्यूब खातात. मी दुप्पट, म्हणजे ४ इंच रुंद आणि ६ इंच उंच जाळी ठेवली आहे.

जाळी गुळगुळीत असते, तिच्यावर शेवाळ धरत नाही. हॅकसॉच्या पात्याने दोन्ही बाजू उभ्याआडव्या इतक्या खरवडा की हाताला निवडुंगासारखी टोचली पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातच निम्मं यश आहे. जाळीची पकड कमजोर असेल तर पीक जरा वाढलं की ढलपी सुटून पाण्यात जाते.

पाइपला खालून ४ इंच लांब आणि ३ मिलिमीटर रुंद खाच पाडा. जाळीची वरची कड त्या खाचेत सरकवा आणि पट्ट्यांनी बांधा. पाइपचं दुसरं टोक टोपणाने बंद. पंप सम्पमधून पाणी पाइपमध्ये चढवतो, ते खाचेतून जाळीच्या दोन्ही अंगांनी पडद्यासारखं उतरतं. वेग किती? रुंदीच्या प्रत्येक इंचाला ताशी सुमारे १३० लिटर. चार इंचांना ५२० लिटर. मीटर नको, बादली घ्या: दहा लिटरची बादली सुमारे ७० सेकंदांत भरली पाहिजे. पंपाच्या डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणून ताशी हजार लिटरचा पंप घ्या आणि नळाने कमी करा.

वेगवान पातळ पाणी का? शेवाळाच्या धाग्याला पाण्याचा एक थर चिकटून बसतो, त्या थरातून खत आत जायला वेळ लागतो. पाणी जोरात वाहिलं की तो थर पातळ होतो. हेच काम समुद्रात लाटा करतात.

दिवा ६६० नॅनोमीटरच्या गडद लाल चिप्सचा. हिरव्या शेवाळातलं हरितद्रव्य याच लाल भागात भरपूर प्रकाश शोषतं. लाल चिपला साधारण २.२ व्होल्ट लागतात; आठ चिप्स सिरीजमध्ये म्हणजे १७.६ व्होल्ट, ७०० मिलिॲम्पिअरवर सुमारे १२ वॅट. चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, जाळीपासून तीन-चार इंचांवर, मधे पाणी उडू नये म्हणून ॲक्रिलिक. खाचेवर उजेड पडू देऊ नका, तिच्यावर अर्ध्या पाइपचं झाकण ठेवा. नाहीतर शेवाळ खाचेतच उगवून पाणी अडवतं. आणि सगळी गाळणी सम्पच्या बरोबर वर टांगा, म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी सम्पमध्येच पडेल, घरात नाही.

वेळ: सुरुवातीला रोज नऊ तास, शेवाळ नीट धरलं की १८ तास. मी मुख्य दिवा बंद झाला की गाळणीचा सुरू होईल अशी घड्याळं लावली आहेत. रात्री टाकीतलं सगळं जीवन कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी गाळणीतलं शेवाळ तो वायू ओढून घेतं आणि प्राणवायू सोडतं. एसीसाठी दारंखिडक्या बंद असलेल्या घरात याचा मोठा उपयोग होतो.

जाळीचा रंग वाचायला शिका

पहिल्या आठवड्यात तपकिरी चिकट लेप येतो. घाबरू नका, काढूही नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हिरवी लव दिसते. महिना-दीड महिन्यात जाड हिरवी गादी होते. त्यानंतर रंग असा वाचा: चमकदार हिरवं, केसाळ म्हणजे सगळं ठीक. गडद, जवळजवळ काळं आणि बुळबुळीत म्हणजे पाण्यात खत जास्त, उजेड कमी. दिव्याचे तास वाढवा. पिवळं, रबरासारखं म्हणजे उजेड जास्त; तास कमी करा किंवा पाण्याचा वेग तपासा.

कापणी दर सात ते दहा दिवसांनी. जाळी काढा, बेसिनमध्ये साध्या नळाच्या पाण्याखाली धरा आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. गोड्या पाण्याने शेवाळ खाणारे बारीक किडे मरतात, शेवाळाला काही होत नाही. सगळं खरडू नका, मुळाशी हिरवी लव राहू द्या. शेवटी आरओच्या पाण्याने धुऊन परत लावा. काढलेलं शेवाळ पिळून धुवा आणि कुंडीच्या मातीत मिसळा.

ही कापणी चुकवली तर गाळणीचा अर्थच संपतो. शेवाळाने ओढलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याच्या अंगात असतो. जाड गादीच्या तळाला उजेड पोचत नाही, तो भाग कुजतो, आणि सगळं पुन्हा पाण्यात येतं. खत टाकीतून बाहेर जातं ते फक्त तुमच्या हाताने.

आणि गाळणी लावली म्हणून जुनी गाळण-व्यवस्था त्याच दिवशी काढू नका. दोन महिने दोन्ही चालवा. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ यांच्यात स्थिर झालं की मग ठरवा. शून्यावर आणायचा हट्ट नको. प्रवाळातल्या शैवालालाही थोडं खत लागतं.

आमचा उन्हाळा आणि गेलेली वीज

प्रवाळाला २५ ते २७ अंश बरे. पाणी ३० च्या वर काही आठवडे राहिलं की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकू लागतं आणि पांढरं पडतं. समुद्रात मोठमोठ्या उष्ण लाटांत जे होतं, तेच इथे काचेत होतं.

आमच्या रायपुरात एक सोय आहे: मे महिन्यात हवा कोरडी असते. पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा पुरेसं काम करतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. २०० लिटर पाणी एका अंशाने थंड करायला ८४० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे एका लिटरच्या वाफेत जवळजवळ तीन अंशांची ताकद आहे. बाहेरून उष्णता येत राहते म्हणून प्रत्यक्षात कमी मिळतं, पण पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओचं गोडं पाणी घालायचं. मीठ टाकीतच राहतं, पुन्हा खारं पाणी घातलं तर खारटपणा चढतो. जुलैत हवा दमट झाली की पंख्याचा जोर संपतो. तेव्हा ज्या खोलीत एसी आहे, टाकी तिथेच हवी. मुंबई, गोवा, रत्नागिरीकरांनी पंख्यावर विसंबू नये.

वीज गेली तर आधी तुटतो तो प्राणवायू. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तापलेल्या पाण्यात त्याहून कमी. दिवे बंद राहिले तर एक दिवस प्रवाळ सहन करतं. पाणी थांबलं तर मासे काही तासांत जातात, आणि उन्हाळ्यात गाळणीची जाळीही तितक्याच वेळात वाळून मरते. म्हणून इन्व्हर्टरवर दिवे नकोत. गाळणीचा १५ वॅटचा पंप ठेवा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालतो, जाळी ओली ठेवतो आणि पडत्या पाण्यात हवा मिसळतो. शिवाय मुख्य टाकीसाठी बॅटरीवरचा एक एअर पंप. सम्पमध्ये वरून परत येणारं पाणी मावेल एवढी जागा रिकामी ठेवा, आणि मुख्य पंप मुद्दाम बंद करून एकदा पाहून घ्या. फौजेत याला रंगीत तालीम म्हणत नाहीत, रोजचं काम म्हणतात.

विजेचा हिशेब सांगून थांबतो. मुख्य दिवा ८१ वॅट, नऊ तास: सुमारे पाऊण युनिट. गाळणीचा दिवा १२ वॅट, अठरा तास: पाव युनिटच्या आत. गाळणीचा पंप दिवसभर: एक तृतीयांश युनिटच्या थोडं वर. ड्रायव्हरची घट धरून दिवसाला दीड युनिटच्या आसपास.

या महिन्यात तुम्ही एवढंच करा: जाळी खरवडा, पाइप कापा, गाळणी टाकीवर चालू करा. प्रवाळ आताच आणू नका. आधी जाळीवर हिरवी गादी येऊ द्या, दोन कापण्या करा, नायट्रेटचे आकडे तारखेसह वहीत लिहा. टाकीने शेवाळ सांभाळलं, की ती प्रवाळही सांभाळेल. पुढच्या भागात खारं पाणी घरी कसं कालवायचं आणि कॅल्शियम-अल्कलिनिटी कशी मोजायची ते बघू.

नमस्कार. जय हिंद.